शेगडीची दोन बटणं

मंगळवारी सकाळी लेक आली, खांद्यावरची पर्सही न उतरवता थेट स्वयंपाकघरात गेली, गॅसच्या शेगडीची दोन्ही बटणं ओढून काढली आणि पर्समध्ये टाकली. पर्सची चेन लावली. मग बाहेर येऊन म्हणाली, "कसे आहात बाबा?"

बाबा बरे होते. किटली बरी नव्हती. ती खिडकीत गार व्हायला ठेवली होती आणि तिच्या बुडाला आरपार दिसेल असं भोक पडलं होतं. वर्षभरातली ही दुसरी किटली. पहिलीचा दांडा वितळून शेगडीला चिकटला होता. त्याआधी दुधाची दोन भांडी गेली होती, पण दूध काय, कुणाच्याही घरी उतू जातं, तेव्हा ती भांडी मोजायची नाहीत, असं बाबांचं म्हणणं होतं.

"मी चहा ठेवला होता," बाबा म्हणाले.

"कधी?"

"ते आठवत नाही ना! आठवलं असतं तर उतरवला नसता का?"

युक्तिवाद बिनतोड होता. अडचण एवढीच की तो लेकीच्या बाजूचा होता.

हे बाबा म्हणजे गल्लीभर ओळखले जाणारे बिनवही. चौकातल्या मोठ्या हॉटेलात एकेचाळीस वर्षं वेटर होते, त्यातली शेवटची बारा मुख्य वेटर. बाकीच्या वेटरांच्या कमरेला वही आणि कानावर पेन्सिल असायची. ह्यांनी दोन्ही कधी बाळगलं नाही. आठ जणांचं कुटुंब येऊन बसायचं. एकाला मीठ कमी, दुसऱ्याला कांदा अजिबात नको, तिसऱ्याला चौथ्याने मागवलंय तेच हवं आणि ते ऐकून चौथ्याला आता ते नको. हे सगळं ऐकून घेत हे एकदाच मान हलवायचे आणि आत जायचे. वीस मिनिटांनी प्रत्येकापुढे ज्याचं त्याचं. एकेचाळीस वर्षांत एकदाच चूक झाली. ती गिऱ्हाइकाची होती, असं चौकशीत निघालं.

निवृत्त झाल्यावर बिनवही हे नाव तेवढं उरलं. बाकी ते बसले. "एकेचाळीस वर्षं लोक बसले आणि मी उभा होतो. आता माझी पाळी," असं जाहीर करून त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी वेताची खुर्ची टाकली. त्या गोष्टीला सात वर्षं झाली होती. सात वर्षांत खुर्चीला त्यांचा आकार आला होता आणि त्यांना खुर्चीचा.

गुरुवारी लेकीने त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गोड बोलणाऱ्या होत्या आणि त्यांच्यासमोर प्रश्नांचा छापील कागद होता.

"आज वार कोणता, काका?"

"गुरुवार."

"अगदी बरोबर. कसं लक्षात राहिलं?"

"परवा मंगळवार होता. त्या दिवशी बटणं गेली."

डॉक्टरीणबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने छताकडे पाहिलं.

"आता मी पाच शब्द सांगते. ऐका आणि लगेच मला परत म्हणून दाखवा. छत्री, बटाटा, घंटा, नदी, खुर्ची."

बिनवही खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. "एक छत्री, एक बटाटा, एक घंटा, एक नदी, एक खुर्ची," त्यांनी एका दमात परत केले.

"वा! झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ते 'झालं' ऐकताच बिनवहींचा उजवा तळवा डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरून डावीकडून उजवीकडे अलगद फिरला. कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नाही. वयाने हात थरथरतात, तसं काहीतरी असेल, असं समजून सगळे पुढे गेले.

मग घड्याळ काढायला सांगितलं. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाल्या. बिनवहींनी सुबक गोल काढला, बारा आकडे जागच्या जागी बसवले आणि काटे अकरा वीसवर लावले.

"काका, दहा मिनिटं पुढे गेलं हो."

"पुढेच असतं. हॉटेलचं घड्याळ बरोबर लावलं तर लोक उठायचेच नाहीत."

गुण गेला. शंभरातून सात वजा करत जायचे होते, त्यात दोनदा वाट चुकली. आणि शेवटी डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवून विचारलं, "मघाचे ते पाच शब्द सांगा बरं."

"कुठले?"

"मी सांगितले होते ते. पाच."

हॉटेलात नसलेला पदार्थ कुणी मागितला तर वेटर जसा हसतो, तसे बिनवही हसले. हसता हसता त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की पाच शब्द खरंच होते.

डॉक्टरीणबाई सावकाश बोलल्या. काळजी घेण्यासारखं आहे, घाबरून जाण्यासारखं नाही. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. माणसांत मिसळायचं. "आणि मुख्य म्हणजे चाला. रोज अर्धा तास, झपझप. इतकं झपझप की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही."

"गाणं मला बसूनही म्हणता येत नाही."

"मग नुसतं चाला. पाय हलले की हृदय जोरात काम करतं, डोक्याला रक्त जास्त पोचतं. वय झालेल्या मेंदूलाही त्याचा फायदा होतो. हमी कुणी देणार नाही, काका, पण ह्याहून स्वस्त औषध माझ्यापाशी नाही."

"म्हणजे भटारखाना खाली आणि पंगत वर. माल पोचवायचा."

"तसंच समजा. तीन महिन्यांनी परत या. पुन्हा हेच तपासू आणि एकट्याने राहायचं की नाही ते तेव्हा ठरवू."

लेकीने मात्र ठरवूनच टाकलं होतं. तिच्या घरची मागची खोली रंगवून तयार होती. फिकट पिवळी. "बाबा, आमच्याकडे तुम्हाला काही म्हणता काही करावं लागणार नाही. बसल्या जागी सगळं मिळेल."

लेकीने हे मायेने म्हटलं. बिनवहींना मात्र तिच्या घरचा सोफा आठवला. मागे एकदा ते तिच्याकडे आठ दिवस राहिले होते. तिथे एक सोफा होता. त्यात माणूस बसला की गुडघे कानांशी यायचे. जेवण झाल्यावर बिनवही सवयीने ताटं उचलायला उठले की घरातले चौघं एकदम ओरडायचे, "तुम्ही बसा!" आणि जावई स्वतः वाढायचा. माणूस सोन्यासारखा, पण सूपचा वाडगा आणायचा तो अंगठा सूपात बुडवून. बिनवही आठही दिवस तो अंगठा पाहत राहिले आणि काही बोलले नाहीत. आता उरलेलं सगळं आयुष्य त्या अंगठ्याखाली काढायचं होतं.

"तीन महिने," ते लेकीला म्हणाले. "तीन महिन्यांनी पास झालो तर बटणं परत द्यायची."

"आणि नाही झालात तर?"

बिनवही दवाखान्याचा जिना उतरायला लागले. लेक मागोमाग उतरली.

तिने एक बंदोबस्त करून ठेवला. तळमजल्यावर शिट्टीबाई राहायच्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं कवायत शिकवलेल्या, वय एकाहत्तर, आणि शाळा सुटून इतकी वर्षं झाली तरी गळ्यात शिट्टी. लेक त्यांना म्हणाली, "बाई, बाबांना जरा चालवा." शिट्टीबाईंनी चौकशी एवढीच केली, "दमदाटी चालेल ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता जिन्याखालून शिट्टी वाजली. तीन मजल्यांवरची चार दारं उघडली. बिनवहींचं उघडलं नाही, म्हणून ती पुन्हा वाजली.

"पाठ सरळ! मान वर! हात हलवा, हात! अंगाला शिवलेत की काय?"

"रिकामे हात हलवत कुठे जाऊ? लोक वेडा म्हणतील."

"लोकांचं मी बघते. चला, एक दोन, एक दोन!"

"बाई, मी एकेचाळीस वर्षं भटारखान्यापासून अकरा नंबरच्या टेबलापर्यंत चाललोय. तेवढ्यात माणूस पृथ्वीला फेरी मारून परत येतो. माझा कोटा संपला."

"कोटा संपला असता तर श्वास चालला नसता. एक दोन!"

आठवडाभरात बिनवहींनी उपाय शोधला. शिट्टीबाईंचे गुडघे दुखत, त्यामुळे त्या बागेच्या फाटकाशी बसत आणि बिनवहींनी बागेला चार फेऱ्या मारून यायचं, असं ठरलं होतं. पहिल्या वळणावर दाट झुडूप होतं आणि झुडपामागे बाक होतं. बिनवही तिथे अर्धा तास निवांत बसायचे, मग नळाखाली ओंजळ धरून सदरा ओला करायचे आणि धापा टाकत परतायचे. सहा दिवस चाललं. सातव्या दिवशी शिट्टीबाईंनी त्यांना उभं केलं आणि त्यांच्याभोवती एक फेरी मारली.

"घाम कपाळाला येतो, मानेला येतो. खिशाला आलेला मी पहिल्यांदाच पाहते."

बिनवही खिशाकडे पाहत राहिले.

"तीस वर्षं मुलींना पळवलंय मी. पोटात दुखण्याचे एकशे चौदा प्रकार मला माहीत आहेत. तुम्ही अजून पहिलीत आहात, बिनवही."

एवढं बोलून त्या उठायला लागल्या. हातातली पाण्याची बाटली आणि पिशवी मध्ये येत होती, म्हणून त्या म्हणाल्या, "धरा हो जरा हे." बिनवहींनी बाटली उजव्या हातात घेतली, पिशवी डाव्या कोपरात अडकवली आणि निघाले. शिट्टीबाई पाहतच राहिल्या. पाठ सरळ, मान वर, खांदे मागे. पावलं अशी झपझप की वाटेतली दोन कबुतरं बाजूला झाली.

"थांबा! ते इकडे द्या. आता चाला."

बिनवही चालले. खांदे पडले, पाय फरफटले.

"परत धरा."

पुन्हा ताठ.

शिट्टीबाईंनी हा प्रयोग तीनदा केला. मग विचारलं, "हा काय प्रकार आहे?"

"प्रकार कसला? धंद्याचा नेम आहे. आत जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, बाहेर येताना रिकाम्या हाताने यायचं नाही. जाताना भरलेलं न्या, येताना उष्टं आणा. रिकाम्या हाताने चालणारा वेटर म्हणजे कामचुकार. मला तसं चालताच येत नाही, बाई. लाज वाटते."

"हे आधी सांगायचं होतंत."

"तुम्ही एक दोन, एक दोन करत होतात. बोलायला जागा कुठे होती?"

दुसऱ्या दिवशी शिट्टीबाई येताना स्टीलचा गोल ट्रे घेऊन आल्या. बागेत सहा बाकं होती आणि त्यांवर सकाळी ठरलेले अकरा म्हातारे-म्हाताऱ्या बसत. बागेच्या पलीकडच्या फाटकाशी एक चहावाली होती. बाई सगळ्यांना म्हणाल्या, "आजपासून कुणी उठून चहाला जायचं नाही. हे आणतील." बाकांना एक ते सहा नंबर देण्यात आले.

बिनवहींनी ट्रे हातात घेतला, तळव्यावर तोलला आणि खांद्याच्या उंचीवर नेला. अकराही जण सावरून बसले. सात वर्षं खुर्चीत बसलेला माणूस बाक नंबर एकसमोर किंचित झुकून विचारत होता, "काय घेणार?"

आधी सगळ्या बाकांवर फिरून ऑर्डर घ्यायची, मग चहावालीकडे जायचं, मग वाटायचं, मग कप गोळा करून परत न्यायचे. सोयीसाठी फेऱ्या कमी करा, असं कुणीतरी सुचवलं. बिनवही म्हणाले, "असं हॉटेलात होत नाही." शिट्टीबाईंनी मनातल्या मनात फेऱ्या मोजल्या आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

पहिल्या दिवशी तीनच ऑर्डरी घेतल्या. तीनपैकी दोन चुकल्या. चार नंबरच्या बाकावरचे वकीलसाहेब म्हणाले, "मी कॉफी सांगितली होती."

"चहा सांगितलात."

"कॉफी. बिनसाखरेची. आणि मी हे शपथेवर सांगायला तयार आहे."

बिनवही पुढे काही म्हणणार होते, पण थांबले. मागे वळून ते चहावालीच्या टेबलाआड गेले आणि ट्रे छातीशी धरून उभे राहिले. शिट्टीबाई तिथे गेल्या, तेव्हा ते हळूच म्हणाले, "मला खरंच आठवत नाही हो, बाई. पूर्वी साठ माणसं डोक्यात असायची. आज तीन राहीनाशी झाली."

शिट्टीबाईंचा हात शिट्टीकडे गेला होता, तो त्यांनी खाली घेतला. "मग परत विचारून या," त्या म्हणाल्या. "पळत."

बिनवही परत गेले. पळाले नाहीत, पण झपझप गेले. वकीलसाहेबांनी ह्या खेपेला चहा सांगितला.

महिन्याभरात तीनाचे पाच झाले, दुसऱ्या महिन्यात सात. वकीलसाहेब रोज ऑर्डर दिल्यावर ती बदलत. पूर्वीपासून असेच होते की बिनवहींसाठी मुद्दाम करत, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. कधी दोन चुका व्हायच्या, कधी चार. एका पावसाळी सकाळी सगळ्याच चुकल्या आणि त्या दिवशी सगळ्यांनी दुसऱ्याचा चहा मुकाट्याने प्यायला. तिसऱ्या महिन्यात अकराच्या अकरा बरोबर आल्या, तेव्हा सहा नंबरच्या आजी टाळ्या वाजवायला लागल्या. बिनवहींनी त्यांना डोळ्यांनीच दटावलं. वेटरसाठी टाळ्या वाजवायच्या नसतात.

एक गोष्ट शिट्टीबाईंच्या ध्यानात आली होती. कप उचलले की बिनवही बाकावरून उजवा तळवा फिरवायचे, डावीकडून उजवीकडे. एकदा त्यांनी विचारलं, "तीन नंबरने काय घेतलं होतं?"

"कधी?"

"कधी काय? आत्ता! कप तुमच्या हातात आहेत."

"ते झालं. दिलं, घेतलं, टेबल पुसलं. पुसलेलं कशाला लक्षात ठेवायचं? पुढचं टेबल मग कुठे ठेवू?"

शिट्टीबाई हसल्या आणि तो विषय तिथेच राहिला.

तीन महिने संपले. तपासणीच्या दिवशी बिनवही दवाखान्यात चालत गेले. वाटेला पंचवीस मिनिटं लागली. शिट्टीबाई रिक्षाने गेल्या. रिकाम्या हाताने चालायला नको म्हणून बिनवहींनी त्यांची छत्री घेतली होती. लेक आधीच पोचली होती. पर्स मांडीवर, हात पर्सवर.

सुरुवात चांगली झाली. वार बरोबर, तारीख बरोबर. शंभरातून सात वजा करताना एकदाच अडखळले. घड्याळ बरोबर अकरा दहाचं काढलं, वर म्हणाले, "तुमचं म्हणून असं काढलं. खरं तर हे दहा मिनिटं मागे आहे." डॉक्टरीणबाई हसल्या.

"आता पाच शब्द. पूल, कंगवा, मांजर, गुलाब, दोरी."

"एक पूल, एक कंगवा, एक मांजर, एक गुलाब, एक दोरी."

"छान! झालं."

बिनवहींचा तळवा टेबलावरून फिरला. कोपऱ्यात बसलेल्या शिट्टीबाई ताडकन उठल्या, त्यांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि मग दवाखाना आहे हे आठवून पुन्हा खाली बसल्या.

पाच मिनिटांनी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ते शब्द आठवतात का, काका?"

बिनवही टेबलाकडे पाहत राहिले. स्वच्छ टेबल होतं. "मांजर" असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं, पण ते आधीच्या खेपेचं की आताचं, ह्याचा भरवसा वाटेना, म्हणून त्यांनी ते गिळलं. "नाही," ते म्हणाले. हसण्याचाही प्रयत्न केला नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. लेकीने पर्स छातीशी धरली. फिकट पिवळी खोली एकदम जवळ आली.

"डॉक्टर, मी बोलू?" शिट्टीबाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांना 'झालं' म्हणालात."

"हो. का?"

"त्यांच्या धंद्यात ऑर्डर दिली, 'झालं' म्हटलं, की टेबल पुसतात. त्यांनी ते शब्द तुम्हाला परत देऊन टाकले. पोचते केले. आता त्यांच्याकडे कुठून राहणार? तुम्ही जेवून उठलात आणि मग विचारताय, माझं जेवण कुठाय!"

"बाई, चाचणीचे नियम मला बदलता येत नाहीत."

"नियम नका बदलू. शब्द बदला. आणि परत म्हणायला लावू नका."

"त्याचे गुण धरता येणार नाहीत."

"गुण कोण मागतंय? बघा तर खरं."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, दाराबाहेरच्या रांगेकडे पाहिलं आणि मग बहुधा स्वतःलाच उत्सुकता वाटली म्हणून म्हणाल्या, "बरं. काका, साबण, किल्ली, ढग, हातोडा, लिंबू."

बिनवही उठून उभे राहिले. किंचित झुकले. "कुणाला काय?"

"अं? असं करा, साबण मला. किल्ली तुमच्या मुलीला. ढग ह्या बाईंना. हातोडाही मला. लिंबू मुलीला."

"अजून काही?"

"नको."

"दहा मिनिटांत आणतो," म्हणत बिनवही बाहेर गेले. दोन मजले उतरून औषधांच्या खिडकीपर्यंत गेले, परत चढले, पुन्हा उतरले आणि पुन्हा चढले. शिट्टीबाईंनी दार किलकिलं करून पाहिलं. प्रत्येक खेपेला बिनवहींच्या हातात कुणाचं तरी काहीतरी होतं.

दहा मिनिटांनी दार उघडलं. बिनवहींचा श्वास जोरात चालला होता आणि कपाळावर घाम होता, खराखुरा, जागच्या जागी. ते टेबलाच्या डाव्या बाजूला उभे राहिले.

"साबण आणि हातोडा, डॉक्टरसाहेब, आपला. किल्ली आणि लिंबू आमच्या लेकीचं. ढग बाईंचा. निळी शाल घेतलेल्या आजींना पंखा कमी करून हवा होता, मी केला. आणि दाराशी बसलेले गृहस्थ विचारताहेत, नंबर कधी लागणार. मी त्यांना सांगितलं, इथे वेळ लागतो, पण मिळतं ते ताजं मिळतं."

लेक आधी हसली. मग तिने रुमाल काढला.

डॉक्टरीणबाईंनी मात्र हसू आवरून सरळ सांगितलं. "काका, पाच शब्दांचे गुण शून्यच आहेत. ते मी बदलणार नाही. पण बाकी सगळं धरून मागच्या खेपेला तीसपैकी एकोणीस होते, आज बावीस आहेत. रक्तदाबही खाली आलाय. हे चालण्याने झालं, माणसांत बसल्याने झालं की गोळी वेळेवर घेतल्याने, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बहुधा सगळ्याने मिळून. पूर्वीसारखी साठ माणसं डोक्यात राहतील, असंही नाही. जे चाललंय ते चालू ठेवा. घरी एकटे राहायला माझी हरकत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. शेगडीचं तेवढं," त्यांनी लेकीकडे पाहिलं, "घरचे ठरवतील."

घरी परतल्यावर लेकीने पर्स टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. "बाबा, एकच सांगा. किटल्या का जळल्या?"

ह्या खेपेला बिनवहींनी उत्तराची घाई केली नाही. स्वयंपाकघरात जाऊन ते शेगडीपाशी उभे राहिले, मग खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीकडे पाहत राहिले.

"मी चहा ठेवायचो आणि बसायचो," ते म्हणाले. "हॉटेलात आचेवर काही असताना बसलेला माणूस मी एकेचाळीस वर्षांत पाहिला नाही. बसायचं ते काम आटपल्यावर. त्यामुळे बसलो की वाटायचं, आटपलं. मग कसली किटली नि कसलं काय."

 लेकीने खुर्ची उचलली आणि जिन्याने खाली निघाली. शिट्टीबाईंनी दारातच विचारलं, "हे काय?"

"बाबांची खुर्ची. आता तुमच्याकडे. त्यांना बसायचं असेल तर तीन मजले उतरून येतील."

"आणि चढून जातील," शिट्टीबाई समाधानाने म्हणाल्या.

वर येऊन लेकीने पर्स उघडली आणि एक बटण काढून बाबांच्या तळव्यावर ठेवलं.

"आणि दुसरं?"

"एकच. दुसरं सहा महिन्यांनी. लक्षात ठेवाल ना?"

"ते अजून आलेलं नाही," बिनवही म्हणाले. "न आलेलं मी विसरत नाही."

त्यांनी बटण बसवलं, नवी किटली ठेवली आणि तिच्यासमोर उभे राहिले. दोन्ही हात मागे, पाठ सरळ. लेक सवयीने म्हणाली, "बाबा, बसा ना जरा," आणि मग बसायला काही उरलं नाही हे आठवून स्वतःच जीभ चावली. चहा तिच्यासमोर उजव्या बाजूने आला. बशीत एक थेंब सांडलेला नव्हता. वाढणाऱ्याचा अंगठा कपापासून चांगला दूर होता.

तिने शेवटचा घोट घेतला आणि खालून शिट्टी वाजली. आज संध्याकाळचीही फेरी होती. अकरा माणसं बाकांवर बसली होती आणि वकीलसाहेब बहुधा आपलं म्हणणं बदलायच्या तयारीत होते. बिनवहींनी रिकामा कप घासून ठेवला, टेबलावरून तळवा फिरवला आणि ट्रे काखेत मारून निघाले.

लेक एकटी उरली. पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते शेगडीचं. ती धावत स्वयंपाकघरात गेली. शेगडी बंद होती. गार होती. आणि बटण जागेवर नव्हतं.

तिने ओट्याखाली पाहिलं, किटलीत पाहिलं, स्वतःच्या पर्समध्येही पाहिलं. मग ती जिन्यात जाऊन ओरडली, "बाबा! बटण कुठाय?"

दोन मजले खालून उत्तर आलं, चालता चालता, धाप लागलेलं, पण बोलण्याइतका श्वास असलेलं.

"माझ्या खिशात! बंद केलं आणि काढून घेतलं. निघताना रिकाम्या हाताने निघायचं नसतं!"